अत्तेंसाठी आणलेला साबण

जयतीर्थ: पुन्हा एकदा वाच. सावकाश.

कृष्णवेणी: सावकाश वाचल्यानं त्याचं लोणी होणार आहे का? तुमच्याच लेकीनं, अंबुजानं लिहिलंय, ऐका. "अम्मा, तू इथून लियाँहून नेलास तो साबण अज्जीला देऊ नकोस. आज परत त्या दुकानात गेले होते. बाकीचे सगळे साबण ऑलिव्हच्या तेलाचे, पण हा एकच जुन्या पद्धतीचा. गाईच्या चरबीचा." संपलं. खाली एक रडणारं तोंड काढलंय.

जयतीर्थ: देऊ नकोस म्हणते. म्हणजे तिला वाटतंय तू अजून दिला नाहीस.

कृष्णवेणी: वैशाखात आले मी फ्रान्सहून. आज आषाढातली दशमी. तेव्हापासून तुमच्या अम्मा, आमच्या अत्ते, रोज पहाटे त्याच साबणानं आंघोळ करून देवघरात शिरतात. आता देऊ नकोस म्हणून काय उपयोग?

जयतीर्थ: हे बघ, टेक्निकली बोलायचं तर साबण तयार झाला की त्यात चरबी अशी उरतच नाही. केमिकलच बदलून जातं. बेळगोळच्या फॅक्टरीत माझी सगळी नोकरी असल्या तपासण्या करण्यात गेली.

कृष्णवेणी: हेच जाऊन अम्मांना सांगा. म्हणावं, काळजी करू नका, गाय केमिकल बदलून गेली.

जयतीर्थ: हळू बोल. जागी असेल ती.

कृष्णवेणी: झोपल्यात. दशमीचं एकच जेवण, ते पोटभर झालंय.

जयतीर्थ: पण तू विचारलं कसं नाहीस दुकानात? विमानात त्या मुलीनं ब्रेड दिला तर तिची उलटतपासणी घेतलीस म्हणून सांगत होतीस.

कृष्णवेणी: घेतलीच. अंडं आहे का, जिलेटिन आहे का, कांदा-लसूण आहे का. अंबुजाच्या घरी बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं तिच्याकडून अर्थ करून घेऊन वाचली. डबाभर अवलक्की नेली होती, पोहे भिजवून भिजवून खाल्ले, पण बाहेरचं तोंडात घातलं नाही. साबण कोण खातं हो? मला या घरात मडी शिकवली ती ताटातली शिकवली, कपड्यांची शिकवली, कुणाला कधी शिवायचं नाही ते शिकवलं. साबणाचंही सोवळं-ओवळं असतं हे कुणी शिकवलं? साबण म्हणजे धुणारी वस्तू. तीच विटाळलेली असेल, हे माझ्या मनात यायचं कसं?

जयतीर्थ: त्यात म्हैसूरला बाहेरून साबण आणायचा. इथं अख्ख्या गावाला चंदनाचा वास, आणि आपण सातासमुद्रापलीकडून साबण आणतो.

कृष्णवेणी: अत्तेंच्या पाठीला कुठलाच साबण चालत नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे का? थंडीत खाजवून खाजवून रक्त काढायच्या. पाठ तुम्ही नाही चोळत, मी चोळते. ते दुकान दिसलं तेव्हा मला पहिली त्यांची पाठच आठवली. काय दुकान होतं, तुम्हाला सांगते. जुन्या गल्लीत, नदीपलीकडं. आत साबणाच्या एवढ्याल्या लाद्या रचलेल्या, खव्याच्या ढेपेसारख्या. आपण सांगू तेवढा तारेनं कापून देतात. कागदात गुंडाळून, वर दोरा, दोऱ्यात सुकवलेलं फूल. आंघोळीच्या पाण्यात टाकायचं मीठ काचेच्या बरण्यांत.

जयतीर्थ: ते मीठ आणलंस ते तरी बरं आहे ना?

कृष्णवेणी: ते समुद्राचं मीठ, त्याला काय होतंय. अत्तेंनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, हे सारात घालायचं का. तर ती दुकानवाली माझ्याच वयाची. तिनं माझे दोन्ही हात धरले, नळाखाली नेले आणि एकेका साबणानं स्वतः धुऊन दिले. आईनं धुतले असतील लहानपणी, त्यानंतर माझे हात कुणी धुतल्याचं मला आठवत नाही. अंबुजाला म्हटलं, विचार हिला, म्हाताऱ्या माणसाच्या कोरड्या कातडीला सगळ्यात मऊ कुठला. ती आत गेली आणि हाच घेऊन आली. किंमत ऐकून मी परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि तिथं होते तेवढे सगळे उचलले.

जयतीर्थ: आणि अम्माची पाठ बरी झाली.

कृष्णवेणी: झाली ना. लहान बाळासारखी झालीय. तेच तर दुखणं आहे माझं.

जयतीर्थ: मेसेज कधी आला?

कृष्णवेणी: काल रात्री.

जयतीर्थ: मग आज पहाटे?

कृष्णवेणी: आज पहाटे सगळं ठाऊक असून मी तोच साबण त्यांच्या पाठीला लावला. अत्ते म्हणाल्या, वेणी, आज तुझ्या हातात जोर नाही गं. मी म्हटलं, झोप झाली नाही.

जयतीर्थ: बरं केलंस. यापुढंही असंच गप्प राहायचं.

कृष्णवेणी: उद्या प्रथमैकादशी आहे. उद्या पहाटे मठात मुद्रा. स्वामी तापवलेली शंखचक्रं त्यांच्या दंडावर टेकवणार. त्या दंडाला मी आधी हे फासू?

जयतीर्थ: मग सांगून टाक. सांग, आणि पुढं काय होईल तेही बघ. वैशाखात परदेशाहून आलीस तेव्हा काय झालं? पंचगव्य पाजलं, चार दिवस बाहेर पडवीत बसवलं, मग स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं. तीच बाई आता आपणहून म्हणाली, श्रावणात जा, लेकीच्या बाळंतपणाला आई नको का. कशामुळं म्हणाली? त्या साबणामुळं. आता साबणाचं कळलं तर म्हणेल, बघा, समुद्र ओलांडला की हेच होतं. तुझं तिकीट गेलं म्हणून समज. आणि मला तिच्यापुढं काही बोलता यायचं नाही.

कृष्णवेणी: तुम्हाला आजवर कधी आलंय?

जयतीर्थ: आता माझ्यावर घसरू नकोस.

कृष्णवेणी: मागच्या वेळचं विसरलात? चौथ्या महिन्यात गेलं पोरीचं. नवरा दौऱ्यावर, हॉस्पिटलात ती एकटी. फोनवर मला म्हणाली, अम्मा, इथं मला मराठीत रडताही येत नाही. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या वेळी मी तिच्या उशाशी असणार. आता कुठं देवानं तो दिवस दाखवला, तर हे. सांगितलं तर लेक एकटी पडते. नाही सांगितलं तर म्हाताऱ्या माणसाचं जन्मभराचं सोवळं मी माझ्या हातानं रोज बुडवते. मी जाऊ कुठं?

जयतीर्थ: म्हणून सांगतो, साबण संपला म्हण. उंदरानं पळवला म्हण.

कृष्णवेणी: उंदीर लियाँचा साबण खातो?

जयतीर्थ: चरबीचा आहे म्हटल्यावर खाईल की.

कृष्णवेणी: हसू येतं तरी कसं तुम्हाला?

तुंगाबाई: कसला उंदीर? कुठं दिसला, जयू?

जयतीर्थ: उंदीर नाही, अम्मा. तसंच बोलत होतो. तू उठलीस? मी जरा उद्यासाठी तुळस घेऊन येतो.

तुंगाबाई: दारात तुळशी माजल्यात, आणि हा तुळस आणायला निघाला बाजारात.

जयतीर्थ: फुलं म्हणायचं होतं मला. फुलं आणतो.

(जयतीर्थ पिशवी न घेताच बाहेर पडतात. मागच्या पडवीत सासू-सून दोघीच.)

तुंगाबाई: लहानपणापासून असाच. घरात कुणी रागानं बोलायला लागलं की ह्याला बाजार आठवतो. जाऊ दे. वेणी, माझं उद्याचं रेशमी लुगडं ट्रंकेतून काढून ठेव. आणि नवा साबण काढ. जुन्याचा एवढासा तुकडा राहिलाय, तो हातातून निसटतो.

कृष्णवेणी: नवा नाही राहिला, अत्ते. संपले सगळे.

तुंगाबाई: सुम्मने, उगीच काहीतरी सांगू नकोस. दोन आहेत. एक तुझ्या कपाटात आणि एक माझ्या ट्रंकेत, त्याच लुगड्याच्या घडीत. मीच ठेवलाय.

कृष्णवेणी: मुद्रेच्या लुगड्यात?

तुंगाबाई: वास लागावा म्हणून. का? तोंड का असं केलंस? म्हातारीला वासाचा नाद लागला असं वाटलं ना तुला?

कृष्णवेणी: नाही, अत्ते. तसं काही नाही.

तुंगाबाई: वाटू दे. लागलाच आहे. आता तुझ्यापाशी काय लपवायचं. तुझे मामंजी गेले त्या दिवसापासून डोक्यात फूल नाही, अंगाला गंध नाही. अत्तर तर बघायचंसुद्धा नाही. पण साबणाला कोण काय म्हणणार? साबण स्वच्छतेचा. पहाटे तू पाठीवर फेस करतेस ना, तेव्हा मी डोळे मिटून बसते. वाटतं, हिनं पाणी ओतायला थोडा उशीर करावा. हे कुणाला सांगायचं नाही हं.

कृष्णवेणी: नाही सांगणार.

तुंगाबाई: मग काढ तो साबण.

कृष्णवेणी: उद्या साबण नको, अत्ते. मुद्रेचा दिवस आहे. जुन्या रीतीनं करू. डाळीचं पीठ लावते.

तुंगाबाई: एकादशीला? धान्य अंगाला चोळणार तू एकादशीला?

कृष्णवेणी: चुकलं. मग नुसत्या पाण्यानं.

तुंगाबाई: वेणी, इकडं बस. अशी समोर बस, माझ्याकडं बघ. सकाळपासून बघतेय मी. पाठ चोळताना हातात जोर नाही. सारात मीठ नाही. एकादशीला पीठ काढायला निघालीस. अंबुजाचं काही बरंवाईट आहे का?

कृष्णवेणी: नाही, नाही. ती चांगली आहे. परवाच तपासून आली.

तुंगाबाई: मग माझी काळजी? अय्यो, मी राहीन की. धारवाडहून लेक येतेय माझी. तिच्याशी भांडणार नाही, तसं तिला फोनवर कबूल केलंय. तिच्या हातचं सार पाणचट असतं, तेही गप्प खाईन. तू फक्त वेळेवर जा. बाळाला काजळ धरून ठेवलंय मी, डबीत घालून देईन. बाळंतिणीला डिंकाचे लाडू तू निघायच्या आदल्या दिवशी करू, ताजे. पहिलं एक गेलेलं, ती पोर आतून किती भ्यालेली असेल. मी तुझ्या वयाची असते तर मलाही ने म्हणून सांगितलं असतं तुला.

कृष्णवेणी: अत्ते, असं बोलू नका.

तुंगाबाई: का बोलू नको? माझीच नात ती.

कृष्णवेणी: तुम्ही एवढं चांगलं बोललात की मला राहवत नाही. अत्ते, तो साबण चांगला नाही.

तुंगाबाई: महाग होता म्हणून जीव तुटतोय होय?

कृष्णवेणी: त्यात चरबी आहे.

तुंगाबाई: कसली चरबी?

कृष्णवेणी: जनावराची. मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं. रात्री अंबुजानं कळवलं.

तुंगाबाई: कुठल्या जनावराची, वेणी?

कृष्णवेणी: पाणी आणू का तुम्हाला?

तुंगाबाई: मी विचारलं, कुठल्या.

कृष्णवेणी: गाईची.

तुंगाबाई: बरं.

कृष्णवेणी: अत्ते. काहीतरी बोला, अत्ते. शिव्या द्या मला. असं बघत बसू नका हातांकडं.

तुंगाबाई: शिवू नको मला. थांब. आधी हात धुते.

कृष्णवेणी: चला, मी पाणी घालते.

तुंगाबाई: कशानं धुऊ, वेणी?

कृष्णवेणी: मी काय करू आता? कुठं तोंड लपवू?

तुंगाबाई: रडू नको. रात्री कळलं म्हणालीस. मग आज पहाटे का लावलास?

कृष्णवेणी: भ्याले.

तुंगाबाई: मला?

कृष्णवेणी: तुम्हाला. आणि तुम्ही मला अंबुजाकडं जाऊ देणार नाही म्हणूनही. खोटं कशाला सांगू. दोन्ही होतं.

तुंगाबाई: साकु. पुरे. तुझी चूक नाही. तू माझ्या पाठीसाठी आणलास. तुला कुठलं कळायला. चूक माझी आहे.

कृष्णवेणी: तुमची कशी?

तुंगाबाई: माझ्यासारखीला वास कशाला हवा होता? सांगितलं ना तुला आत्ताच, माझ्याच तोंडानं. देवघरात बसून हातात जपमाळ, आणि मध्येच मी बोटं नाकाशी न्यायची. देवापुढं. देवाला दिसत नाही का? त्यानं म्हटलं, हिला वास हवाय ना, घे. त्यानंच दिली ही शिक्षा. मला एकटीला दिली, बरोबरच दिली.

कृष्णवेणी: असं काही नसतं, अत्ते. साबण मी आणला. देवाचा काय संबंध त्यात.

तुंगाबाई: आणखी कुणाचा असणार? ऐक. उद्या मी मुद्रेला जात नाही. विचारलं कुणी तर ताप आलाय म्हणायचं. मठात सांगायचं नाही, शेजारी सांगायचं नाही, धारवाडलाही सांगायचं नाही. उद्यापासून चातुर्मास लागतोय. चार महिने मी इथं पडवीत बसते. वेगळं ताट, एकवेळ जेवण, पहाटे गार पाणी. कुणी शिवायचं नाही. कावेरी ओलांडायची नाही. संपलं की शुद्ध.

कृष्णवेणी: या वयात गार पाणी? कुणी सांगितलं असलं प्रायश्चित्त?

तुंगाबाई: कुणी सांगायला कशाला हवं. केलंय मी.

कृष्णवेणी: कधी?

तुंगाबाई: लग्न होऊन वर्ष झालं असेल नसेल. तुझे मामंजी मला बेंगळूरला सर्कस दाखवायला घेऊन गेले. येताना स्टेशनवर त्यांनी केक घेतला. मला केक म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. आगगाडीत बसून अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा मी. मऊ, गोड. घरी आले आणि मीच वेडी, कौतुकानं सासूबाईंना सांगायला गेले. त्यांना बरोबर कळलं, त्यात अंडं असतं. त्यांनी विचारलं, कुणी कुणी खाल्लं?

कृष्णवेणी: मग?

तुंगाबाई: मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली केला नाही.

कृष्णवेणी: मामंजींनी?

तुंगाबाई: देवमाणूस होता तुझा सासरा, सगळे म्हणतात. मीही म्हणते. पण त्या दिवशी पेपर खाली केला नाही. मी म्हटलं, मी एकटीनंच खाल्ला. आणि बसले की मग पडवीत, चार महिने. भूक सोसते, वेणी. गार पाणीही सोसतं, अंगाला सवय होते. पण समोर तो माणूस पंक्तीत बसून जेवतोय, तूप वाढून घेतोय, त्यानंही खाल्लंय, आणि ओवळी मी एकटीच, हे नाही सोसत. येणारीजाणारी विचारायची, काय केलंस गं? मी खाली बघायची. अजून कधी मधेच जाग येते आणि वाटतं आपण तिथंच बसलोय.

कृष्णवेणी: आजवर कधी बोलला नाहीत.

तुंगाबाई: काय बोलायचं. गेला तो माणूस. आता एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. तू वापरलास का तो साबण?

कृष्णवेणी: मी रोज तुमची पाठ...

तुंगाबाई: ते नाही विचारत. ती सेवा, सेवेला दोष लागत नाही. तुझ्या स्वतःच्या अंगाला लावलास का, ते विचारते. नीट ऐक आधी. लावला नसशील तर तू मोकळी आहेस. श्रावणात लेकीकडं जा, मी अडवणार नाही, माझ्या कुलदेवाची आण. मी एकटी बसेन, एकदा बसलेय. पण लावला असशील तर तुलाही बसावं लागेल. त्यातून सुटका नाही, मी नात्यागोत्याकडं बघून सोडणार नाही. सांग आता.

कृष्णवेणी: अत्ते.

तुंगाबाई: सांग. घाबरू नको.

कृष्णवेणी: लावला.

तुंगाबाई: एकदा की दोनदा?

कृष्णवेणी: रोज. तुमची आंघोळ झाली की तो ओला असायचा, तोच घेऊन मी आत जायची.

तुंगाबाई: का? तुझी पाठ तर खाजत नव्हती.

कृष्णवेणी: वास आवडला म्हणून.

तुंगाबाई: तुलाही आवडला?

कृष्णवेणी: हो. मीही हात नाकाशी न्यायची. सार ढवळताना, भाजी चिरताना. तुम्ही बघत नसायच्या तेव्हा.

तुंगाबाई: म्हणजे मीच एकटी हावरी नव्हते.

कृष्णवेणी: नाही, अत्ते. दोघी होतो.

तुंगाबाई: खरं सांगतेस ना, वेणी? माझं मन राखायला नाही ना बोलत?

कृष्णवेणी: लेकीचं बाळंतपण सोडून कुणी मन राखतं का?

तुंगाबाई: तेही खरं. अंबुजा रडेल गं.

कृष्णवेणी: रडेल.

तुंगाबाई: मला तुझी दया येते, पण नियम बदलता येत नाही. तू बसलीस की मला धीर येईल, एवढं मात्र सांगते. आतून दोन चटया आण. एक इथं भिंतीशी घाल, एक तुझी तिकडं. फार लांब नको, बोलता आलं पाहिजे. मी मागच्या नळाखाली बसते तोवर. नुसत्या पाण्यानं जेवढं जाईल तेवढं जाऊ दे.

कृष्णवेणी: या, अत्ते. पायरीला जपून.

जयतीर्थ: अगं, फुलवाला आज आलाच नाही. आणि अम्मा नेसत्या लुगड्यानिशी नळाखाली का बसलीय? ह्या चटया कसल्या?

कृष्णवेणी: सांगितलं मी त्यांना.

जयतीर्थ: साबणाचं? सगळं?

कृष्णवेणी: सगळं. उद्यापासून चार महिने त्या इथं पडवीत बसणार. मीही बसणार. कावेरी ओलांडायची नाही. श्रीरंगपट्टणाच्या पुलापर्यंतसुद्धा जायचं नाही, तर विमान कुठलं.

जयतीर्थ: तू कशाला? तू काय केलंस?

कृष्णवेणी: मीही तोच साबण लावत होते म्हणून सांगितलं.

जयतीर्थ: तू कुठं लावलास? अम्माला पुरायला हवा म्हणून घरात त्याला कुणाला हात लावू दिला नाहीस. तू स्वतः त्या हिरव्या साध्या साबणानं आंघोळ करतेस. मला ठाऊक आहे ना.

कृष्णवेणी: हळू बोला. नळ चालू आहे, पण त्यांना ऐकू जातं.

जयतीर्थ: जाऊ दे ऐकू. वेड लागलंय का तुला? पोरगी तिकडं दिवस मोजतेय.

कृष्णवेणी: मी नाही म्हटलं असतं तर त्या एकट्या बसल्या असत्या. देवानं मला एकटीलाच शिक्षा दिली म्हणत होत्या. ते तोंड तुम्ही बघितलं नाही. तुम्ही फुलं आणायला गेला होता.

जयतीर्थ: आणि खरं सांगायचं तर वापरला तो मी.

कृष्णवेणी: तुम्ही?

जयतीर्थ: दाढीला. मधूनमधून. तू ओरडशील म्हणून बोललो नाही. वास बरा होता.

कृष्णवेणी: तुम्ही वापरलात.

जयतीर्थ: अगं, थोडासाच.

कृष्णवेणी: मग जा. आत्ता जा आणि सांगा त्यांना. त्यांना बरोबर बसायला घरातलं कुणीतरी हवंय, एवढंच हवंय. मी खोटं बोलले म्हणून सांगा, मी पाय धरेन त्यांचे. तुम्ही बसलात की त्या मला सोडतील. मी श्रावणात जाईन, अंबुजाजवळ असेन. जा ना. त्या बघा, इथून दिसतात.

जयतीर्थ: मी बसू? पडवीत?

कृष्णवेणी: पोटच्या मुलानं बसलेलं त्यांना किती बरं वाटेल, तुम्हाला कल्पना नाही.

जयतीर्थ: पण उद्या मठात मुद्रेची रांग सांभाळायचं मी कबूल केलंय. चार महिने कुठं दिसलो नाही तर लोक विचारतील, हा का बसलाय म्हणून. आणि आता तिची समजूत पटलीय ना? पुन्हा जाऊन सांगायचं म्हणजे तिला दुसरा धक्का. वय बघ तिचं.

कृष्णवेणी: बरं.

जयतीर्थ: मी नंतर सांगेन. सावकाशीनं. योग्य वेळ बघून.

कृष्णवेणी: बरं म्हटलं ना.

जयतीर्थ: रागावलीस?

कृष्णवेणी: नाही. ती चटई जरा इकडं सरकवा. अत्तेंना बोललेलं ऐकू आलं पाहिजे.

जयतीर्थ: आणि अंबुजा? तिला कोण कळवणार? मी लावू का फोन?

कृष्णवेणी: लावा. तेवढं करा. आधी जेवली का ते विचारा, मग सांगा.